हिरव्या खुणेआड बंद पडलेला पहारा

उदगीरच्या कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहिण्यात माझी उमर गेली. शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. तथापि माझ्या मसुद्यातील एखादा शब्द बदलावा, असे आजवर भल्याभल्या वकिलांनाही वाटलेले नाही. अलीकडे मी लेखन संगणकावर करतो, आणि त्याच्या रक्षणासाठी रीतसर परवान्याचा अँटीव्हायरस बाळगतो.

त्या सकाळी बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या खाला आल्या. त्यांच्या घरामागचे अंगण मोजणीत शेजाऱ्याच्या नावे लागले होते, आणि अपिलाच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. मसुदा आदल्या दिवशीच सिद्ध झाला होता. छापून त्यावर अंगठा घेणे, एवढेच उरले होते.

संगणक सुरू केला, तर एकही फाईल उघडेना. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती, आणि कोपऱ्यात अँटीव्हायरसची खूण हिरवीगार.

शेजारच्या गाळ्यातील दुरुस्तीवाल्यास बोलावले. तो बराच वेळ कळा दाबत बसला.

"काका, पहारा तर आधीच बंद पाडलाय. खूण तेवढी हिरवी ठेवली."

"बंद कसा पडेल? परवाना चालू आहे माझा!"

"परवान्याला कोण पुसतंय? त्या व्हायरसनं कुण्या कंपनीचा जुना ड्रायव्हर, म्हंजी मशीनच्या पार आत चालणारा प्रोग्राम, संगं आणला. त्यात दोष निघालेला, पण कंपनीची डिजिटल सही खरी. सही बघून मशीननं आत घेतलं, अन् आतून त्यानं तुमच्या अँटीव्हायरसचा गळा दाबला."

हे उमगण्यास मला वेळ लागला नाही. रद्द झालेले मुखत्यारपत्र दाखवून परक्याचे घर विकणारे इसम मी पाहिले आहेत. सही अस्सल, शिक्का अस्सल. रद्द झाल्याची खबर तेवढी समोरच्या टेबलापर्यंत पोचलेली नसते.

"फाइली परत येतील?"

"न्हाई सांगता येत."

खालांनी पिशवी छातीशी धरली. "मुन्शीजी, माझं आंगन गेलं का मग?"

कचेरी बंद होण्याच्या आत तसा मसुदा नव्याने रचणे माझ्यासारख्यासही कठीण होते.

"मला येतंय की," त्या एकाएकी म्हणाल्या. "काल तुम्हीच वाचून दाखवलं, दोन डाव."

अंगठा उठवणाऱ्यास संपूर्ण मजकूर वाचून दाखवल्याखेरीज मी कागद पुढे सरकवत नाही. मी पेन उघडले. खाला डोळे मिटून सांगू लागल्या.

"अर्जदार ही सदर मिळकतीची कायदेशीर मालक व कब्जेदार असून... हितं तुम्ही पानी पिलात."

"पाणी राहू द्या, पुढे सांगा!"

"पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस मशिदीची भिंत..."

चतुःसीमा त्यांच्या पिशवीतील जुन्या खरेदीखताशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. 'सबब', 'तथापि', 'न्यायाच्या दृष्टीने', माझे सगळे शब्द जागच्या जागी आले. एके ठिकाणी मी वाक्य सुधारू गेलो, तर त्यांनी डोळा उघडला.

"कालचंच ऱ्हाऊ द्या. चांगलं होतं."

कचेरीतील कारकुनाने हस्तलिखित अपील चाळले, पोचेवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला. मुदत सांभाळली गेली. बाहेर आल्यावर खाला हसल्या.

"मुन्शीजी, ती मशीन विकून टाका. मला बसवा तिच्या जागी."

"खाला, तुमचा पगार मला झेपायचा नाही."

पोच पिशवीत घालून त्या दुकान उघडण्यास गेल्या. मी दुपारचा राहिलेला डबा उघडला. भाकरी पार वातड झाली होती. तरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.