ब्रेक मारून दाखव मरे!

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या गाडीची मी स्वतः वाट लावली, आणि तीसुद्धा अर्ध्या डिचोलीला विचारून! हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

लेकीची लग्नानंतरची पहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्याकडे अशा वेळी माहेराहून सासरी ओझें जातं: लाडू, नेवऱ्या म्हणजे करंज्या, नारळ, केळ्यांचा घड. सासर पेडण्याला. ओझें आपल्याच गाडीतून ऐटीत आणणार, असं मी व्याह्यांना फोनवर दहादा ऐकवलेलं.

आणि नेमकं ब्रेकचं पेडल थरथरायला लागलं! मेकॅनिक शाबाने चाक उघडलं. "पॅड संपले. डिस्क झिजल्यात, पण लेथवर घासून सपाट करता येतील. नाहीतर नव्या घाल. काय ते आजच सांग, आणि तोवर गाडी चालवू नको."

आजच? एवढा मोठा निर्णय? छे! मी पडलो विचारी माणूस.

शेजारच्या बाबलोला विचारलं. खाणी चालू होत्या तेव्हा त्याचे खनिजाचे ट्रक होते, म्हणजे ब्रेकमधला प्राध्यापकच. "बदलूं नाका!" तो म्हणाला. "पूण आधी आवाज आयकूया. ब्रेक मारून दाखव मरे!" उतारावर नेऊन कचकन मारला. "परत मार!" परत मारला.

मग त्याचा साखळी गावचा मेव्हणा आला. ट्रक त्याचेही होते. आमच्या तालुक्यात ज्याचा ट्रक नव्हता असा माणूस दाखवा! "बदलूंकच जाय, नव्योच घाल," तो म्हणाला, "पूण मारून दाखव पळोवया!" दोघांची जुंपली, तेव्हा पंच म्हणून गावातले निवृत्त मास्तर गाडीत मागे बसले. मास्तरांना गाडी येत नाही, पण मत आहे. रोज तोच उतार, तेच ब्रेक. ब्रेक किंचाळत होते आणि आम्ही चर्चा करत होतो.

"अहो, उद्यां चवथ!" बायको कडाडली. "ओझें पेडण्याला कशें व्हरतले?"

तेव्हा कुठे एकमत झालं. रुबाबात गॅरेज गाठलं. "शाबा, ठरलं! घासूया."

शाबाने डिस्कवर बोट फिरवलं. "घासूंक उरलां किते? पॅडाच्या लोखंडान तूंच सगळी घासून संपयली. आतां नव्योच. आनी त्यो चवथीउपरांत, दुकानां बंद."

मग काय! डिचोली ते म्हापसा बस, म्हापशाहून पेडण्याची बस. मांडीवर लाडू, पायाशी नारळ, शेजारी बायको, केळ्यांचा घड कवटाळून. पोचलो तेव्हा नेवऱ्यांचा चुरा झालेला. लेकीने डबा उघडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याही मात्र सज्जन. सगळी हकीकत ऐकून म्हणाले, "असूं दे हो! माझ्या गाडीचा पेडलपण थरथरता. डिस्क घासू की बदलू, सांगा बघू?"

शहाणा माणूस गप्प बसला असता. मी टोपली खाली ठेवली, सदरा झटकला आणि म्हणालो, "चला, एकदा ब्रेक मारून दाखवा!"