मेथी थांबली पाहिजे

“माझी मेथी अजून चाललीय,” असं बाई म्हणाल्या की समजायचं, आपलं बोलणं फुकट गेलं. जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलावर जुना पेपर पसरायच्या, पिशवीतून मेथीची जुडी काढायच्या आणि पानं खुडता खुडता आम्हा नव्या मुलींना समोर उभं करायच्या. “बोल गो. माझा हात थांबव.”

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला मिक्सर बनवणारी एक कंपनी होती. उपनगरांत मिक्सर तेव्हा अजून नवलाचा होता आणि महिला मंडळांत जाऊन तो चालवून दाखवणं हे आमचं काम. बाई आमच्या प्रमुख. मूळच्या मालवणकडच्या, राहायला घाटकोपरला. अंगापिंडानं एवढ्याशा, पण आवाज असा की मागे पेंगणारी आजीसुद्धा दचकून पदर सावरायची. कुणी विचारलं, “पाट्यावरच्या वाटणाची चव येते का हो याला?” तर सरळ सांगायच्या, “नाय येत. पण कंबर मोडत नाय.” आणि मिक्सर खपायचा.

अशा कार्यक्रमांना बायका भाजी निवडायला घेऊनच यायच्या, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. भाषण बरं निघालं नाही तरी निदान गवार तरी मोडून होते. बाईंनी त्यातूनच आपलं माप काढलं होतं. “टाळ्यांचं काय घेऊन बसलीस? चहा आला की पण टाळ्या वाजवतात. हात थांबतायत का, ते बघ.”

माझं तर तोंडच उघडायचं नाही. मुलुंडच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपर्यंत गेले आणि पुढचं पाठांतर कुठल्या कुठे पळालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा गुरुजनांपाशीच अडकले. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मुलं मला ‘गुरुजनवर्ग’ म्हणूनच हाक मारायची. अशा मुलीनं बोलण्याची नोकरी का धरली? वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि आई घरी खानावळ चालवून आमची पोटं भरत होती, म्हणून. त्यातही मी उमेदवारीवर. एक कार्यक्रम एकटीनं धड पार पाडला तर कायम, नाहीतर घरी.

बाईंनी सांताक्रूझच्या एका मंडळात मला पहिल्यांदा दोन शब्द बोलायला पुढे केलं. समोर भाजीच्या पिशव्या, बायका, त्यांची पोरं. आणि माझ्या तोंडून निघालं, “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग...” पुढच्या बाईनं मागे वळून पाहिलं, कोण गुरुजी आले म्हणून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतताना बसमध्ये बाई इतक्या हसल्या की कंडक्टरही हसायला लागला. “खंय होते गो तुझे गुरुजन? मला पण दाखव की!” मग डोळे पुसत म्हणाल्या, “चेडवा, पाठ करू नको. घरी वाढताना बोलतेस ना? तसं बोल.”

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. नेमका तेव्हाच बोरिवलीचा कार्यक्रम आला आणि कंपनीतल्या साहेबांनी सांगून टाकलं, हीच तुझी परीक्षा. बाई सोबत आल्या, पण शेवटच्या रांगेत मेथी घेऊन बसल्या.

मी खोबरं, मिरच्या भांड्यात घातल्या, बटण दाबलं आणि सोसायटीच्या हॉलचा फ्यूज उडाला. मंडळाच्या चिटणीसबाई वायरमनला शोधायला धावल्या. मिक्सर मुका आणि मीही मुकी. हॉलभर फक्त भाज्या निवडल्याची सळसळ. मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून पानं खुडत होत्या. एरवी माझी बाजू सावरायला उठल्या असत्या, आज त्यांना आवाजच नव्हता.

शेवटी भांड्यातल्या खोबरं-मिरच्यांकडे बोट केलं. “असंच वाटण माझी आई रोज पाट्यावर वाटते. घरातलं आणि खानावळीचं, दोन्ही. आता तिचा उजवा हात वर जात नाही. लहानपणापासून माझी वेणी तीच घालायची. एके दिवशी फणी हातात घेऊन नुसती उभी राहिली. तेव्हापासून माझी वेणी मीच घालते. म्हणून तर ही अशी वाकडी असते.”

हॉलमधली सळसळ थांबली होती. शेवटच्या रांगेत बाईंच्या हातात एक काडी तशीच होती.

दिवे आले, मिक्सर एकदम ओरडला, सगळ्या दचकून हसल्या. चहाच्या वेळी एक आजी जवळ आल्या. “मशीन राहू दे गं. आईचा हात कसा आहे आता?” त्यांच्या सुनेनं मात्र मिक्सर घेतला. आणि मी कायम झाले.

बाईंचा आवाज पुढे परतलाच नाही. ऑपरेशन झालं, नोकरी सुटली. मी नव्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा पेढे घेऊन घाटकोपरला गेले. त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. रस्ताभर घोकून नेलेले आभार पहिल्याच वाक्यात विसरले. मग पाठ केलेलं सोडलं आणि वाढताना बोलावं तसं सगळं सांगत गेले: आईला मी घेऊन दिलेला मिक्सर, तो लावताना अजून डोळे मिटून घेणारी आई, माझ्या पुढ्यात उभ्या राहून थरथरणाऱ्या मुली. तुम्ही नसता तर मी जन्मभर गुरुजनवर्गापाशीच उभी राहिले असते, हेही सांगितलं.

आज बाई नाहीत. कुठल्याही हॉलमध्ये बोलायला उभी राहिले की माझी नजर आधी शेवटच्या रांगेत जाते, आणि मला घाटकोपरची ती दुपार आठवते. माझं सांगून झालं तेव्हा त्यांच्या मांडीवरची जुडी जवळजवळ तशीच होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लटक्या रागानं अर्धी मेथी माझ्या पुढ्यात सरकवली.