रिकाम्या नॉर्थ स्टँडचा आवाज

भुताखेतांच्या गोष्टींना मी पहिल्यापासून हसते. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही ‘झोप झाली नसेल बिचाऱ्याची’ म्हणत पुढे जाते. त्यामुळे माझं वाचून तुम्ही तसंच म्हणालात तर राग नाही...

आमच्या फुटबॉल क्लबच्या अंधेरीतल्या स्टेडियमवर मी अनाउन्सर आहे. तिथला माइक माझा, आणि त्याचा मला माज आहे — सांगून टाकते. क्लब जन्मला परळच्या एका गिरणीच्या मैदानात, कामगारांची टीम म्हणून. गिरणी बंद पडली, मैदानावर टॉवर आला. मग काही वर्षं खाडीपलीकडचं भाड्याचं स्टेडियम. टीम प्रोफेशनल झाली आणि शेवटी अंधेरीचं घर मिळालं.

माझे वडील, अण्णा, मूळचे मालवणकडचे, त्याच गिरणीत होते. परळची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही आणि अंधेरीत एकदाही पाऊल टाकलं नाही. कांदिवलीहून अंधेरी ती काय लांब! पण नाही. मला अनाउन्सरचं काम मिळालं त्या दिवशी पेढा हातात धरून म्हणाले, “क्लब परळातच मेला गं. तू वाचतेस ती नावं दुसऱ्याच कोणाची.” जिव्हारी लागलं ते. तरी प्रत्येक मॅचचा पास मी घरी न्यायचे, आणि तो फ्रिजवर पडून राहायचा.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे टीमची नावं वाचायची एक पद्धत आहे. मी खेळाडूचं फक्त पहिलं नाव घ्यायचं आणि थांबायचं — आडनाव नॉर्थ स्टँड ओरडतं. गेल्या सीझनला एक मॅच गणपतीत आली. पोलीस बंदोबस्त सगळा विसर्जनाला, म्हणून प्रेक्षकांना बंदी. लख्ख दुपार, खुर्च्या रिकाम्या, टीव्हीवर लाइव्ह. आणि मी सवयीने बोलून गेले, “नंबर एक... सुयश...”

आणि थांबले. थांबल्यावर कळलं, आडनाव घेणार कोण? झाली ना वाट, तीही अख्ख्या देशासमोर!

तेवढ्यात नॉर्थ स्टँडमधून आलं — “तांबे!”

एकदोघांचा नाही, भरलेल्या स्टँडचा आवाज. आणि लगेच मागून खर्जात — “आमचो!”

मला वाटलं आमच्या साउंडवाल्या जितूने रेकॉर्डिंग लावलं. बघते तर त्याचे दोन्ही हात हवेत, चेहरा पांढराफटक. खाली गोलकीपर सुयश तांबे स्टँडकडे वळून उभा, हात छातीवर. मी काय करणार... पुढचं नाव घेतलं. अकराच्या अकरा आडनावं आली. प्रत्येकामागे “आमचो”. घाबरले का? खोटं कशाला बोलू, घाबरले. पण ऊर असा भरून आला होता की शेवटची दोन नावं रडत वाचली.

मॅच आम्ही जिंकलो. पण मला तेव्हा त्याचंही काही नव्हतं, कारण हाफटाइमला अण्णांचा फोन आला होता. ते टीव्हीवर बघत होते.

“त्यांका ह्या कोणी शिकवल्यान?”

मी विचारलं, काय? तर म्हणाले, ते ‘आमचो’. परळला गिरणीतली कोकणातली माणसं प्रत्येक नावामागे तसं म्हणायची. मैदान गेलं आणि ते थांबलं. अंधेरीत ते कधीच कोणी म्हटलं नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. अण्णा कधी बोललेच नव्हते त्याबद्दल.

जितूने सगळ्या वायरी तपासल्या. बाहेरच्या मिरवणुकीचा आवाज असेल, असं ऑफिसातले म्हणाले. मिरवणुकीला आमच्या डिफेंडरचं आडनाव कसं माहीत, ते कोणी सांगितलं नाही.

पुढच्या होम मॅचला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी दाराशी तयार. स्टेडियमच्या पहिल्या पायरीला हात लावून त्यांनी कपाळाला लावला. वर जाऊन भरलेला स्टँड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, मग माझ्याकडे वळले.

“माजी जागा खंय?”