वाहत्या पाण्याला दोष न्हाय

आमच्या ह्यांना तलावात पोहायचं भारी वेड. पोहता न येणारा कोल्हापूरकर म्हणजे अर्धाच माणूस, असं ह्यांच्या मंडळाचं मत. मंडळ म्हणजे रोज सकाळी घाटावर जमणारी चार सुटलेली पोटं. नव्वदच्या सुमारास पाणी निदान पाण्यासारखं दिसायचं तरी. पुढं काठानं कॉलन्या झाल्या, त्यांची गटारं तलावात सोडली. म्हशी आणि धुण्याचा साबण होताच. पाणी हिरवं झालं, वर दाट साय धरायला लागली. आणि हे शहाणे म्हणायचे, "बघा, तलाव कसा हिरवागार झालाय!"

दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात ह्यांच्या पायाचा अंगठा चप्पल चावून सोलला. साखरेचा त्रास आधीपासूनचा. मी म्हटलं, अहो, जखम भरेपर्यंत पाण्यात उतरू नका. दुसऱ्या दिवशी मंडळातले थोरले दारात हजर.

"वैनी, तुमी उगंच काळजी करतायसा. वाहत्या पाण्याला दोष न्हाय."

"भाऊजी, तलाव कधीपासून वाहायला लागला?"

"वाहतोय की! त्या कोपऱ्यातनं रात्रंदिस पाणी आत येतंय. बघितलं न्हाय व्हय?"

बघितलं होतं. तो कॉलनीच्या संडासांचा नाला होता. काय म्हणावं ह्या अकलेला! घाणसुद्धा वाहती आहे म्हणून पवित्र! मी तसं तोंडावर सुनावलं, तर म्हातारा हसला. "पिढ्यान् पिढ्या पोहतोय, आमाला काय झालं?" आणि हे टॉवेल खांद्यावर टाकून गुमान त्याच्या मागं निघाले.

आठवड्यात अंगठा काळा पडला, ताप चढला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय वाचवायचा असेल तर खरं सांगा, जखम कुठल्या पाण्यात भिजली? औषध त्यावर ठरणार आहे. पलंगाभोवती अख्खं मंडळ उभं. ह्यांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "घरच्याच न्हाणीत. जरा शेवाळ हाय तिथं."

माझ्या न्हाणीत! जी मी रोज वाकून वाकून घासते! थोरले तर माझ्याकडं बघून चुकचुकलेसुद्धा.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, नाल्यासकट. पाय वाचला, अंगठा गेला. घरी आल्यावर हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. का, तर मी चारचौघांत तलावाची अब्रू घालवली.