पुसलेल्या फुल्या

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त भाजीत जाते. तुमचे इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचायचे... आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसायचे. आता मीच लिहायला बसले आहे. तुम्ही हसलात तरी चालेल.

मी नागपूरची, प्रताप नगरात राहते. सदरमधल्या एका ऑफिसात बावीस वर्षं डिस्पॅचला होते. घरात मी आणि हे, दोघंच. हे भूमापन खात्यात नकाशे काढायचे. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि चारच महिन्यांत मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. आम्ही हिमाचलची तिकिटं काढली होती, ती कॅन्सल केली.

ओटीपोटाला रेडिएशन द्यायचं ठरलं, पंचवीस सेशन्स. सुरू करण्याआधी अंगावर जांभळ्या शाईने तीन फुल्या काढतात — एक बेंबीखाली, दोन कमरेच्या दोन्ही बाजूंना. रोज मशीन त्या खुणांवर जुळवतात, म्हणून त्या पुसायच्या नाहीत. साबण नाही, तेल नाही, घासणं नाही. बेंबीखालची फुली काढताना नेमका मला खोकला आला आणि तिची एक रेघ तिरकी गेली. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "राहू द्या काकू, मध्य बरोबर आहे."

दहा सेशन्स निभावले. मग जुलाब लागले, दिवसातून बारा-पंधरा वेळा. लघवीला गेलं की आग. आणि त्यात रोज सेशनच्या आधी अर्धा लिटर पाणी पिऊन पाऊण तास लघवी धरून बसायचं, कारण मूत्राशय भरलेलं असलं की आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात म्हणे. जिला दोन मिनिटं दम निघत नाही तिने पाऊण तास बसायचं! आम्ही सगळ्या बायका बाहेरच्या बाकावर बाटल्या घेऊन मांड्या आवळून बसायचो.

घरी यांनी सगळं केलं, हे आधीच सांगून टाकते. मऊ भात, पेज, केळं, मीठ-साखरेचं पाणी. दूध बंद, तिखट बंद, कच्चं काही नाही. दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसवायचे आणि मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करायचे. जुलाब थांबायच्या गोळीची वेळ कधी चुकवली नाही. माझ्या चादरी हाताने धुतल्या. मला चक्कर यायची म्हणून बाथरूमची कडी लावायची नाही, नुसतं दार लोटायचं, हा त्यांचाच नियम. उभ्या संसारात या माणसाने स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. मला उपकार वाटायच्या ऐवजी लाज वाटायची.

सतराव्या सेशननंतर परत येताना ऑटोतच माझे कपडे भरले. ऑटोवाल्याने सीटखालचा फडका काढून दिला, तेच जास्त लागलं. घरी आल्यावर हे औषधाच्या दुकानात गेले आणि मी बाथरूममध्ये. तिथे ठरवलं, बस झालं. मरायचं तर मरू, पण असं नाही. "मी येत नाही" असं डॉक्टरांना सांगायची हिंमत नव्हती, यांना सांगायची तर त्याहून नव्हती. पण खुणाच नसल्या तर...?

खोबरेल तेल घेतलं आणि भांडी घासायची घासणी घेतली. आधीच भाजून काळवंडलेली कातडी ती. रडत रडत घासत होते. शेवटी तिन्ही जागी नुसती सोललेली लाल कातडी राहिली. आरशात पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी मुद्दाम काही न बोलता टेबलावर झोपले. सकाळपासून पोटाकडे पाहिलंही नव्हतं. म्हटलं, ही मुलगीच पाहील आणि घरी पाठवील. तिने कपडा सरकवला, लाल लेझरची रेघ जुळवली आणि म्हणाली, "बरोबर आहे काकू, आता हलू नका. पण कातडी इतकी काहून सोलली?"

मी मान उचलली. तिन्ही फुल्या होत्या. सोललेल्या कातडीवर, जांभळ्या. बेंबीखालच्या फुलीची एक रेघ तिरकी.

"बेटा, या तू आता काढल्या का?"

"नाही काकू. जुन्याच तर आहेत."

घरी येऊन मी यांच्यावर तुटून पडले. दुसरं कोण असणार? आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, रेघ इकडची तिकडे होऊ न देणारा.

"मी नाही काढल्या," हे म्हणाले.

"मग घरात तिसरं कोण आहे?"

"मले नाही माहीत वं." आणि त्यांनी नजर वळवली. त्या नजरेवरून माझी खात्रीच पटली.

आता विचार केला तर ते शक्य नव्हतं. त्या कातडीला लुगड्याचा काठ लागला तरी मी किंचाळायचे, मग शाई लागताना झोप मोडली नसती? पण तेव्हा मी यांनाच धरून बसले. आठ दिवस बोलले नाही. मात्र मनात खोल कुठेतरी बरंही वाटत होतं... हा माणूस मला सोडायला तयार नाही. त्या एका भरवशावर मी उरलेले सात सेशन्स काढले.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, फुफ्फुसात गेलाय. डॉक्टर म्हणाले, आता त्रास कमी ठेवायचा, बाकी फार काही नाही. शौचातून रक्त तर अजून जातं, ती रेडिएशनची देणगी. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी फुल्या काढल्या नसत्या, तर निदान तेवढे हाल वाचले असते माझे."

हे पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मी खरंच नाही काढल्या. मी पैसे विसरलो म्हणून परत आलो होतो त्या दिवशी. दार लोटलेलं होतं. तू घासून राहिली होती, मी पाहिलं."

"मग मला थांबवलं काहून नाही?"

"मले वाटलं, बरं झालं. सुटली एकदाची." मग हळूच म्हणाले, "अन् मीही सुटलो."

मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच वाटलं असतं. रात्रंदिवस घाण काढून माणूस थकतो. पण त्या दिवसापासून मी अगदी एकटी झाले आहे. ते आजही पेज करतात, मी पिते, आम्ही टीव्ही बघतो.

मग त्या फुल्या कोणी काढल्या? जगातल्या ज्या दोन माणसांना माझ्या जगण्याशी काही देणंघेणं होतं, त्या दोघांनीही हात सोडला होता. तरी कोणीतरी मला परत त्या टेबलावर पाठवलं, आणि कशासाठी, तर यासाठी. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायला आता फार वेळही नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त "तुमच्या मिस्टरांनीच काढल्या असतील" असं लिहू नका. तेच खरं असावं म्हणून मी अजूनही रोज त्यांच्या तोंडाकडे बघते.