रणगाड्याचं वजन

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे रणगाडा म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. तो दारात उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. सुट्टीच्या दिवशी तो चार चाकांच्या रेसिंग बाइकवर बसून मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायचा, आणि वळणावर तो शेजारी आला की भलेभले वाट सोडायचे. बाइक त्याच्या आणि मेहुण्याच्या भागीदारीत होती. म्हणजे पैसा मेहुण्याच्या रंगाच्या दुकानाचा आणि बायकोच्या शिवणकामाचा, आणि रुबाब रणगाड्याचा.

त्या वर्षी रणगाडा वाळायला लागला. डॉक्टरांनी पोटातल्या दुखण्याचं नाव सांगितलं, आणि पुढे काय वाढून ठेवलंय तेही सांगितलं. त्याने ते सगळं गिळून टाकलं. घरी म्हणाला, पित्त आहे. कपडे ढगळ झाले तेव्हा म्हणाला, गोड सोडलंय. जगायचं तर त्याला होतंच, पण त्याहून जास्त रणगाडा म्हणून जगायचं होतं. लोकांची कीव त्याला दुखण्याहून जड जाणार होती.

मोसमाच्या आधी बाइकवर थोडा खर्च करायचं ठरलं. पैसे बेताचे, एकच काम होणार होतं. मेहुण्याचा जीव इंजिनावर. मोठा पिस्टन, नवा सायलेन्सर, एवढंच त्याच्या डोक्यात. रणगाड्याने त्याला फैलावर घेतलं. सायलेन्सरने फक्त शेजारी जागे होतील, म्हणाला. उडीनंतर जमिनीवर येताना बाइक उधळली, तर वाढीव ताकद काय चाटायची आहे? थोड्या पैशात आधी धक्के झेलणारे शॉकअप बदलावेत.

बोलणं खरं होतं, मनात मात्र काळंबेरं होतं. चांगल्या शॉकअपच्या स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडतात. रणगाड्याच्या जुन्या वजनाच्या टणक स्प्रिंगा एकदा बसल्या, की बाइकवर दुसऱ्या कुणाला बसवणं अवघड, मग निदान हा मोसम तरी त्याला बाइकवरून कुणी हलवू शकणार नव्हतं. त्या टणकपणाने स्वतःचीच हाडं खिळखिळी होतील हे त्याला कळत होतं. पण खरं वजन सांगावं तर पितळ उघडं पडणार. मेहुणा एरवी साध्या खिळ्यासाठीही घासाघीस करणारा, पण या वेळी तो लगेच हो म्हणाला. रणगाड्याला वाटलं, पटवावं तर आपणच.

शॉकअपवाल्याचा निरोप आला की हेल्मेट, बूट, छातीचं कवच, सगळं घालून या, काट्यावर उभं करणार. वजनाच्या बाबतीत लोक बायकोशीही खोटं बोलतात, असंही तो म्हणाला. मग रणगाड्याने टायरच्या दुकानातून शिशाच्या पट्ट्या आणल्या, चाकांना तोल यावा म्हणून लावतात तसल्या. जाड जाकिटाला आतून खिसे लावून त्याने त्या भरल्या. घरात शिवणयंत्र होतं, पण ते मागायची सोय नव्हती, त्यामुळे हातानेच टाके घातले. फरशी रेषेत बसवणाऱ्या माणसाचे टाके वाकडेतिकडे पडले.

शॉकअपवाल्याच्या गाळ्यात भिंतभर स्प्रिंगा टांगलेल्या होत्या. मेहुण्याने बाइक आत आणून उभी केली. रणगाडा काट्यावर चढला आणि आकडा शंभरापर्यंत गेला. शॉकअपवाला मान डोलवून म्हणाला, आता बाइकवर बसा, किती दबते ते मोजू.

रणगाड्याने पाय टाकला, पण पाय वर गेलाच नाही. त्याने पुन्हा जोर केला. मेहुणा हाताची घडी घालून बघत राहिला, टेकू द्यायला पुढे झाला नाही. आणखी एकदा अंग फेकलं, तेव्हा जाकिटाचे टाके उसवले आणि पट्ट्या कवचाखालून खाली पडायला लागल्या. शॉकअपवाल्याला आधी काही उमगेना. मग तो पोट धरून हसला आणि आतल्या कामगारांनाही त्याने बघायला बोलावलं.

"लोक काट्यावर चढताना चपला काढतात," तो म्हणाला. "ह्याने भंगारचं दुकानच बरोबर आणलंय."

मेहुणा हसला नाही. त्याने कवचाचे पट्टे सोडले, जाकीट उतरवलं आणि रणगाड्याला दंडाला धरून परत काट्यावर उभं केलं. आकडा सत्तरच्याही खाली थांबला. मग कुणीच हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

"स्प्रिंगा राहू द्या," मेहुणा म्हणाला. "इंजिनाचं बघतो. स्प्रिंग एकाच माणसाच्या मापाची. इंजिन कुणालाही चालतं."

रणगाड्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. काट्यावरूनच तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या ताईला सांगू नकोस. हाय खाईल ती."

"भाऊजी, तिला केव्हाच कळलंय. डॉक्टरांना भेटून आली ती." मेहुणा अडखळला. पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं. "वजन करायला इथे आणायचं तिनेच सुचवलं. म्हणाली, हौस करायची तेवढी करू दे त्यांना, पण त्यांच्या मापाचं आता काही करून घेऊ नकोस. नंतर कुणाच्या उपयोगाचं नाही."

शॉकअपवाल्याने घसा खाकरला. पुढच्या गिऱ्हाइकाला काटा हवा होता. रणगाडा खाली उतरला.