चिडक्या मास्तरांचं फोल्डर

गंगाखेडच्या बसस्टँडसमोर एकाचं मोबाईलचं दुकान आहे. तो मेमरी कार्डात गाणी भरून देतो. ऊसतोडीला निघालेली माणसं आधी त्याच्याकडे येतात, मग ट्रकमध्ये बसतात. कार्ड हातात पडलं की त्यातलं सगळं हा पहिल्यांदा स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतो. गिऱ्हाइकाला विचारणं त्याच्या शास्त्रात बसत नाही. "राहू द्या की, खराब होणारा माल हाय का?" असं वर म्हणतो. माझ्या कार्डाचं त्यानं तेच केलं, तेव्हा मी भर दुकानात त्याला झापलं होतं. त्यानं शांतपणे सुपारीची पुडी फोडली.

परवा तेच कार्ड उडालं. त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि आई आता नाही. मी तोंड पाडून दुकानात गेलो.

"दुसरीकडं ठिवलं न्हाई कामून, मास्तर?" असं म्हणत त्यानं आधी मनसोक्त सुनावलं. मग एक फोल्डर उघडलं. त्याचं नाव होतं 'चिडके मास्तर'. आईची पहिली ओवी वाजली.

मी डोळे पुसत होतो, तेव्हा तो चाचरला. त्याला चाचरताना मी प्रथमच पाहिलं.

"एक सांगायचं राहिलं. तोडीच्या बायांनी ह्या ऐकल्या, त्यांला लय आवडल्या. धा-बारा कार्डांत भरून दिल्या मी. पार कोल्हापूरकडं गेल्यात."

न विचारता? मी रागानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आईनं उभ्या जन्मात तालुका ओलांडला नव्हता.